आधी जीप ठरवा, शेवटी चिकटवा : १:३५ मापात कोकणातला पावसाळी रस्ता

ओळखीतली मंडळी अधूनमधून आपले डायोरामा, म्हणजे छोट्या मापात उभे केलेले देखावे, दाखवायला आणतात. जीप असो, रणगाडा असो, विमान असो, मॉडेलवर महिना-दोन महिने घाम गाळलेला असतो. आणि ते ज्या जमिनीवर उभं असतं ती वाढदिवसाच्या केकसारखी दिसते : मऊ, एकसारखी हिरवी, वर गाडी नुसती ठेवलेली. मग विचारतात, "रंग चुकला का हो?" रंग क्वचितच चुकलेला असतो. चुकलेला असतो क्रम. पाणी आधी ओतून वर मॅट (बिनचमकीचं) वॉर्निश मारलेलं असतं, गवत लावून मग माती टाकलेली असते, आणि गाडी कुठे उभी राहणार हे सगळं वाळल्यावर ठरलेलं असतं.

म्हणून इथे एकच देखावा घेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत जाऊ. माप १:३५, म्हणजे खऱ्याचा पस्तिसावा भाग. ठिकाण रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडचं : सड्यावरून, म्हणजे जांभ्याच्या पठारावरून, गावात उतरणारा अरुंद डांबरी रस्ता, कडेला चिऱ्यांचा (जांभा दगडाच्या ठोकळ्यांचा) गडगा, पाऊस नुकताच थांबलेला, आणि मागचं डावं चाक पंक्चर झालेली जुनी जीप. तुमचा देखावा वेगळा असेल तर मापं बदला. क्रम बदलू नका.

सगळं धरून तीन ते चार शनिवार-रविवार लागतात. त्यातला निम्म्याहून जास्त वेळ नुसतं वाळत ठेवण्यात जातो, आणि घाई नेमकी तिथेच होते.

१. एक क्षण ठरवा, आणि महिनाही

"कोकणातला रस्ता" हा विषय झाला, देखावा नव्हे. चाक पंक्चर झालंय, ड्रायव्हर उकिडवा बसून नट ढिले करतोय, आणि शेजारी छत्री टेकून उभे असलेले आजोबा न मागता सल्ला देताहेत, हा देखावा. त्यात जीप का थांबली, माणसं कुठे बघताहेत, जमीन ओली का आहे, सगळ्याची उत्तरं आली. एका वाक्यात सांगता येत नसेल तर कटर हातात घेऊ नका.

महिना ठरवणं लोक हमखास विसरतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात जमीन लालभडक असते, गवताचे नुसते कोंब असतात, गडगा अजून काळा-कोरडा असतो. श्रावणात गडग्यावर शेवाळ चढलेलं असतं आणि गवत गुडघ्याला लागतं. दिवाळीनंतर तेच गवत पिवळं पडून आडवं झालेलं असतं. एकाच बेसवर श्रावणातलं शेवाळ आणि डिसेंबरातलं गवत आलं की बघणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं. आपण श्रावण धरू.

ठिकाणाचंही तसंच. सड्यावर जांभा असतो, माती पातळ, झाडं थोडी. तिथे नारळाची रांग लावू नका. आणि घाटातला काळा कातळ या देखाव्यात आणू नका, तो सह्याद्रीच्या कड्यावर शोभतो.

जीपबद्दल एक सूचना. १:३५ मध्ये सहज मिळणारी किटं, तामिया या जपानी कंपनीचं धरून, बहुतेक दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज एमबीची असतात. तिचं स्टिअरिंग डावीकडे असतं. आपल्या रस्त्यावर ती उभी करायची तर स्टिअरिंगचा दांडा उजवीकडे न्यावा लागेल, डॅशबोर्डातलं जुनं भोक बुजवावं लागेल आणि पॅडलंही हलवावी लागतील. महिंद्राची सीजे-३बी हवी असेल तर निराळंच काम आहे, कारण तिचं बॉनेट उंच. ते जमणार नसेल तर सैन्यातून लिलावात निघालेली विलीजच धरा, कापडी हूड चढवा आणि आतला अंधार कामाला लावा.

२. मापं काढा आणि कागदावर मांडा

दिवाळीच्या किल्ल्यात सिंहासनावरचे महाराज बुरुजाएवढे असतात, मावळा दरवाजातून आत जाऊ शकत नाही, आणि कुणाची काही हरकत नसते. ती सवय आपल्या हातात मुरलेली आहे. डायोरामात ती मोडावी लागते. खऱ्या वस्तूचं माप सेंटिमीटरमध्ये घ्या, ३५ ने भागा आणि वहीत लिहून भिंतीवर लावा :

- जीपची लांबी ३.३३ मीटर : साडेनऊ सेंमी
- साडेपाच फुटी माणूस : ४.८ सेंमी
- चिरा, साधारण १४ × ९ × ७ इंच : १० × ६.५ × ५ मिमी
- छातीइतका गडगा, सव्वा मीटर : साडेतीन सेंमी, म्हणजे चिऱ्यांचे सात थर
- एकपदरी रस्ता, ३.७५ मीटर : १०.७ सेंमी
- गुडघाभर गवत : १३ मिमी
- उघडी छत्री, एक मीटर व्यास : जेमतेम ३ सेंमी

आता जुन्या वर्तमानपत्रावर २५ × २० सेंमीचा चौकोन आखा. रस्ता पूर्ण रुंदीचा दाखवला तर निम्मा बेस डांबरातच जाईल. म्हणून तो तिरका घ्या आणि बेसच्या कडेवर कापला जाऊ द्या. रस्ता पुढे चालू आहे असं डोळाच समजून घेतो. जीपची बाजू बेसच्या कडेला समांतर नको, आणि जीप नेमकी मधोमधही नको. ती मधल्या बिंदूपासून दोन-तीन सेंमी सरकवून थोडी वळवा. गडग्याच्या जागी काडेपेट्या उभ्या करा. आजोबांना ड्रायव्हरपासून साडेतीन-चार सेंमीवर ठेवा. सल्ला द्यायला तेवढं अंतर पुरतं.

तपासा : फोन टेबलाला टेकवून, १:३५ च्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवरून फोटो काढा. वरून छान दिसणारी मांडणी या उंचीवरून बऱ्याचदा रिकामी वाटते. एखादी बाजू मोकळी दिसली की लगेच झाड खुपसायचा मोह होतो. आधी बेस दोन सेंमी लहान करून पाहा. माझ्या अनुभवात दहापैकी आठ वेळा तेच उत्तर असतं.

३. बेस

१२ मिमीचा प्लायवूड घ्या. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) चालेल, पण ते पाणी पितं आणि फुगतं. या देखाव्यात तर आपण वाटी-वाटी पातळ फेविकॉल ओतणार आहोत. तेव्हा काहीही असो, वरची बाजू, खालची बाजू आणि चारही कडा लाखेच्या पॉलिशने किंवा वॉर्निशने दोनदा बंद करा. एकच बाजू बंद केली तर दुसरी ओल ओढते आणि बेस पापडासारखा वळतो. वर मातीची पकड यावी म्हणून पॉलिश वाळल्यावर पृष्ठभागावर खडबडीत पॉलिश पेपर फिरवा.

४. उंचसखलपणा

सपाट जमीन फक्त विमानतळावर आणि नवशिक्यांच्या डायोरामात असते. रस्त्याकडेला गटार हवं, गटारापलीकडे बांध, बांधावर गडगा. त्यासाठी दाट फोमचं शीट, म्हणजे उष्णतारोधक म्हणून वापरतात ते निळं किंवा गुलाबी, हे उत्तम. पॅकिंगचा थर्मोकोल चालतो, पण कापताना त्याचे दाणे सुटतात आणि कड स्वच्छ येत नाही.

थर कापा, फेविकॉल पातळ पसरा, टूथपिक टोचून पक्के करा. जाड थापलेलं फेविकॉल दोन फोमच्या मध्ये आठवडाभर ओलंच राहतं, कारण त्याला हवा मिळत नाही. रस्त्याची पट्टी मधे थोडी उंच ठेवा. खरा रस्ता पाणी निघून जावं म्हणून मध्यापासून कडेला उतरता असतो. आपल्या मापात हा उतार मध्यापासून कडेपर्यंत जेमतेम दीड मिलिमीटर भरतो. पण तो नसेल तर पुढे डबकं कुठे साचणार याचा हिशेब लागत नाही.

सावधान : डब्यातला स्प्रे पेंट, फेविक्विक आणि रबरी गोंद फोम खातात. मी माझा पहिला बांध काळ्या स्प्रेने रंगवला आणि चहा घेऊन परत आलो तेव्हा त्याची दरी झाली होती. फोम झाकला जाईपर्यंत पाण्यावर चालणारे रंग आणि फेविकॉल, एवढंच. गरम तारेने फोम कापत असाल तर खिडकी उघडी हवी, तो धूर चांगला नसतो.

५. चिऱ्यांचा गडगा

या देखाव्याचा जीव गडग्यात आहे, म्हणून इथे वेळ घालवा. फोमवर पेनाने चौकोन आखून "भिंत" करणाऱ्यांशी माझं भांडण आहे. गडगा चुन्या-सिमेंटाशिवाय रचलेला असतो. प्रत्येक दगड सुटा असतो आणि दोन दगडांमधल्या फटीत अंधार असतो. तो अंधार आखून येत नाही.

५ मिमी जाडीच्या फोमच्या साडेसहा मिमी रुंद पट्ट्या काढा आणि त्यांचे दहा-दहा मिमीचे तुकडे करा. १५ सेंमी लांब, सात थरांच्या गडग्याला शंभरेक चिरे लागतात. दीडशे कापा. पातं नवीन हवं. जुन्या पात्याने फोम कापला जात नाही, फाटतो.

हे सगळे चिरे मूठभर बारीक खडीबरोबर प्लॅस्टिकच्या बरणीत घाला आणि झाकण लावून दोन मिनिटं जोरात हलवा. कडा बोथट होतात, कोपरे उडतात, अंगावर ठोके पडतात. हाताने हे करायला संध्याकाळ गेली असती.

आता जांभ्याची ओळख, म्हणजे भोकं. तारेचा ब्रश प्रत्येक चिऱ्याच्या दर्शनी बाजूवर उभा दाबा, ओढू नका. मग दाभणाने दोन-चार मोठी भोकं वेडीवाकडी टोचा. भोकांचं अंतर सारखं आलं की चिऱ्याची चाळणी होते. जुना गडगा असेल तर काही चिऱ्यांवर कटरच्या पाठीने तिरके ओरखडे द्या, हाताने तासल्याच्या खुणा तशा असतात. करवतीच्या सरळ रेषा दिल्या तर चिरा यंत्राने कापलेला, म्हणजे गडगा नवा ठरतो.

रचताना सांध्यावर सांधा येऊ देऊ नका. फेविकॉल चिऱ्याच्या मागच्या अर्ध्या भागाला लावा, पुढे आलं तर फट भरते आणि अंधार जातो. वरचा थर पूर्ण करू नका. एका टोकाला तीन-चार चिरे ढासळवा आणि ते खाली गटारात पडलेले दाखवा. गुरं इथूनच आत शिरतात.

सगळ्यात मोठी चूक : गडगा जमिनीवर कपाटासारखा ठेवणं. गडगा जमिनीतून वर आला पाहिजे. म्हणून बांधात २ मिमी खोल चर खणा, खालचा थर त्यात बसवा, आणि पुढच्या पायरीतली माती त्याच्या पायाशी चढवा.

तपासा : अंधाऱ्या खोलीत टॉर्च बाजूने धरून गडगा पाहा. प्रत्येक चिऱ्याची सावली वेगळी पडत असेल तर रंग फक्त मदतीला लागेल. सावल्याच नसतील तर रंग काहीही वाचवणार नाही.

६. रस्ता, माती आणि चाकोऱ्या

रस्त्यासाठी भिंतीची पुट्टी घ्या, तिच्यात नायलॉनच्या पायमोज्यातून गाळलेली वाळू आणि करडा रंग मिसळा. रंग आतच घातला की उद्या टवका उडाला तरी खालून पांढरं डोकावत नाही. दोन मिमीचा थर द्या. पुट्टी अर्धवट सुकली की कडा टूथपिकने तोडा. आपल्याकडच्या रस्त्याची कड कधीच सरळ नसते, ती कुरतडलेल्या भाकरीसारखी असते. एक खड्डा आणि एक थिगळ पुरे. खड्ड्यांचा मोह आवरा.

कडेच्या जमिनीला कागदाचा लगदा. पिळून घेतलेला लगदा तीन वाट्या, फेविकॉल एक वाटी, पुट्टी एक वाटी, तपकिरी रंग, आणि बुरशी धरू नये म्हणून डेटॉलचे तीन-चार थेंब. पोळीच्या कणकेइतकं सैल करा आणि ३-४ मिमीचा थर पसरा.

आता जे करायचं ते हा थर ओला असतानाच. बहुतेकांची गाडी "हवेत तरंगते" ती ही पायरी चुकवल्यामुळे. जीपची डावी चाकं डांबराखाली उतरलेली आहेत, म्हणजे ती मातीत रुतली पाहिजेत. जीपच्या चाकांना स्वयंपाकघरातली पातळ प्लॅस्टिकची फिल्म गुंडाळा, जीप ठरलेल्या जागी ठेवा आणि डाव्या बाजूने हलकेच दाबा. एक ते दीड मिमी खोल. दीड मिमी म्हणजे खऱ्या जगात पाच सेंटिमीटर, भिजलेल्या लाल मातीत तेवढं चाक सहज जातं. चाकाच्या दोन्ही अंगाला माती किंचित वर उचलली गेली पाहिजे, ती सपाट करू नका.

मग जीप उचला आणि सुट्या चाकाने मागे चाकोरी काढत न्या. विलीजच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं आडवं अंतर सारखंच, आपल्या मापात सुमारे साडेतीन सेंमी. त्यामुळे सरळ आलेल्या जीपच्या चाकोऱ्या दोनच उमटतात, चार नाहीत. वळून आली असेल तर मागची चाकं किंचित आतून जातात, तिथे ठसा दुहेरी होतो. आपली जीप पंक्चर लक्षात आल्यावर कडेला घेतलेली आहे, तेव्हा शेवटच्या थोड्या अंतरात चाकोरी वळलेली हवी आणि मागच्या डाव्या चाकाची जरा पसरट. टायर बसला की तो जास्त जमीन व्यापतो.

त्याच हाताने बाकीचे ठसेही उमटवा : ड्रायव्हरचे दोन-चार, आजोबांचे एका ओळीत. ठशाशिवाय चिखलात उभा असलेला माणूस आकाशातून पडल्यासारखा वाटतो.

माती खरी वापरा, पण थेट अंगणातून आणून टाकू नका. ती आधी तव्यावर कोरडी भाजा, मग चहाच्या गाळणीतून आणि पुन्हा पायमोज्यातून गाळा. मी एकदा भाजण्याचा कंटाळा केला. पेटीत बंद केलेल्या देखाव्यावर पंधरा दिवसांत पांढरी लव आली, आणि महिनाभराने त्यातून एक किडा निघाला जो मापाने बैलाएवढा होता.

लगदा वाळल्यावर पातळ फेविकॉल ब्रशने लावून त्यावर माती भुरभुरवा. मग पाण्याचा बारीक फवारा मारा, आणि एक भाग फेविकॉल, तीन भाग पाणी, थेंबभर भांड्याचा साबण असं मिश्रण ड्रॉपरने सोडा. साबण घातला नाही तर थेंब मातीवर पाऱ्यासारखे लोळतात आणि खळगे पाडतात. सगळं दुधाळ दिसेल. घाबरू नका, वाळलं की पारदर्शक होतं.

थांबा : इथून पुढे ४८ तास काहीही करायचं नाही, पावसाळ्यात तीन दिवस. पंखा लावा, उन्हात ठेवू नका, तडे जातात. वाळलं का हे पाहायला बेस गालाला लावा. गार लागला तर आत ओल आहे.

जीपची जागा पक्की झाली आहे. समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या दोन चाकांच्या खालून एक मिमी भोक पाडा, त्यात तार बसवा आणि बेसवर जुळणारी भोकं पाडून ठेवा. जीप मात्र परत डब्यात.

७. रंग

क्रम गडदकडून उजळाकडे. गडग्यावर आधी काळपट तपकिरी पातळ रंग, तो फटींत उतरू द्या. मग विटकरी, स्पंजच्या तुकड्याने थापून. मग निवडक चिऱ्यांवर नारिंगी पिवळसर ड्राय ब्रश, म्हणजे रंग जवळजवळ पुसून टाकलेला ब्रश हलकेच फिरवणं. नवा कापलेला चिरा भगवट दिसतो, पण अनेक पावसाळे खाल्लेला काळा-राखाडी पडतो, विशेषतः वरच्या थरावर आणि पावसाच्या माऱ्याच्या बाजूला. म्हणून नारिंगी रंग फक्त नुकत्या ढासळलेल्या चिऱ्यांच्या तुटलेल्या बाजूंना द्या. बघणाऱ्याला न सांगता कळतं की पडझड याच पावसातली आहे.

डांबर काळं नसतं. कोरडं डांबर करडं, ओलं झालं की गडद करडं. शुद्ध काळा वापरला तर रस्ता भोकासारखा दिसतो. खरी लाल मातीही छोट्या मापात फार भडक वाटते, कारण खरं दृश्य आपण लांबून, मधल्या हवेतून पाहतो. तिच्यावर फिक्या मातकट रंगाचा अगदी हलका ड्राय ब्रश फिरवा. चाकोरीच्या तळाला उलट गडद, तिथे ओल आहे.

तपासा : फोनवर कृष्णधवल फोटो काढा. गडगा, माती आणि रस्ता एकाच करड्या छटेत मिसळून गेले तर एकाला उजळ किंवा गडद करा. जीप ठेवून पुन्हा पाहा.

८. हिरवळ

बुटक्यापासून उंचाकडे जायचं. आधी शेवाळ : हिरव्या रंगात भिजवून वाळवलेला बारीक भुसा, गडग्याच्या फटींत आणि सावलीच्या बाजूला. मग आखूड गवत, मग उंच गवत, मग झुडपं. उलट गेलात तर झुडपांच्या मुळाशी हात पोचत नाही.

उंच गवताला सुतळी छान. पीळ सोडा, ओली करून सरळ वाळवा, हिरव्या रंगाच्या दोन-तीन छटांत बुडवा, १३ मिमीचे तुकडे करा आणि आठ-दहा धाग्यांच्या जुड्या भोक पाडून लावा. सगळ्या जुड्या एकाच उंचीच्या झाल्या की लॉन होतं. निम्म्या छाटा. स्टॅटिक गवताची कांडी (विजेच्या भाराने गवताचे धागे उभे बसवणारी) असेल तर आखूड गवत तिने मारा. डास मारायच्या रॅकेटपासून ती घरी बनवणारे आहेत, पण त्यातला कपॅसिटर बॅटरी काढल्यावरही झटका देतो, हे ध्यानात ठेवा.

झुडपांना वाळलेल्या तुळशीच्या फांद्या आणि मंजिऱ्या. फांद्यांची विभागणी इतकी बारीक असते की १:३५ मध्ये त्या नेमक्या झुडपासारख्या दिसतात. गडग्यावरचं खरं शेवाळ ओरबाडून आणायचा मोह होतो. ते दोन आठवड्यांत तपकिरी पडतं. आणायचंच तर एक भाग ग्लिसरीन, दोन भाग गरम पाणी यात दोन-तीन दिवस बुडवा, निथळा आणि वाळवून मग रंगवा.

दोन चाकोऱ्यांच्या मधल्या पट्टीवर गवत हवं, चाकोरीत नको. माणसं उभी आहेत तिथे ते तुडवलेलं. एवढ्या दोन जागा सांभाळल्या तरी हिरवळ "लावलेली" न वाटता उगवलेली वाटते.

९. आधी मॅट, मगच पाणी

हा नियम पाटीवर लिहून ठेवा. संपूर्ण देखाव्यावर मॅट वॉर्निशचा पातळ हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. त्यानंतर जे चमकेल ते फक्त ओलं. पाणी ओतून मग मॅट मारणाऱ्याच्या डबक्यावर साय धरते, ती निघत नाही.

चाकोरीतल्या डबक्यांना रेझिन (ओतल्यावर घट्ट होणारा पारदर्शक द्रव) लागत नाही. ग्लॉस वॉर्निशचे चार-पाच पातळ हात, प्रत्येक हात वाळल्यावर पुढचा. ओल्या रस्त्याला सॅटिन (अर्धवट चमकणारं) वॉर्निश, तेही ठिपक्याठिपक्यांनी, मधली उंच पट्टी सोडून. ती आधी सुकते.

गटाराला दोन भागांचं इपॉक्सी रेझिन. बाटलीवर प्रमाण वजनाचं आहे की मापाचं हे आधी वाचा, तिथे चूक झाली की ते कायम चिकट राहतं. गटार जिथे बेसच्या कडेला संपतं तिथे पारदर्शक फिल्म घट्ट बसवून फट सिलिकॉनने बंद करा. रेझिन सुईच्या भोकातूनही वाट काढतं. सावकाश तीन मिनिटं ढवळा, बरणीच्या कडा खरवडत. दोन मिमीपेक्षा जाड थर एकदम नको. पावसाळ्यातलं गटार निळं किंवा काचेसारखं नितळ नसतं, ते लाल चहासारखं असतं, तेव्हा चिमूटभर लाल मातीची वस्त्रगाळ पूड मिसळा. पाण्यावर चालणारा रंग जास्त झाला तर रेझिन नीट धरत नाही. बुडबुडे सुईने फोडा. लायटरने फोडायचं पाहून कुणाला तसंच करायचं सुचेल, पण इथे शेजारी सुतळीचं गवत आहे.

सावधान : हातमोजे घाला, खोली हवेशीर ठेवा. आणि मुसळधार पावसाच्या दिवशी रेझिन ओतू नका. दमट हवेत वर मेणचट पांढरा थर येऊ शकतो.

१०. जीप आणि माणसं

जीपवरचा चिखल तोच, जो जमिनीवर आहे. बाजारातली तयार तपकिरी पूड जीपवर आणि घरची लाल माती खाली, असं झालं की गाडी दुसऱ्या जिल्ह्यातून उचलून आणल्यासारखी वाटते. पायमोज्यातून गाळलेली तीच माती मॅट वॉर्निशमध्ये कालवा आणि जुन्या टूथब्रशने खालून वर उडवा. शिंतोडे चाकाच्या मागे दाट आणि वर विरळ. बॉनेटच्या मधोमध चिखल नको, तिथे पाऊस धुऊन नेतो.

पंक्चर चाकासाठी टायरचा खालचा भाग दोन मिमी घासा, दोन्ही बाजूंना इपॉक्सी पुट्टीचा फुगवटा द्या. त्या कोपऱ्यात जीप तेवढीच कलली पाहिजे. आता तारा भोकांत घाला, थोडं फेविकॉल लावा, आणि चाकाच्या मुळाशी उरलेली केसाएवढी फट ओल्या मातीने बुजवा.

सैनिकांच्या किटमधली माणसं वापरत असाल तर आजोबांचं धोतर पातळ टिश्यू पेपर आणि पाणीदार फेविकॉलने करा. चुण्या ओल्या असतानाच सुईने पाडा. ड्रायव्हरची नजर नटवर, आजोबांची नजर ड्रायव्हरच्या हातांवर. चेहरा नीट रंगवता आला नाही तरी चालेल, पण मान चुकली तर गोष्ट फसते. दोघांच्याही टाचेत तार हवी. नुसत्या गोंदावर उभा केलेला माणूस पहिल्या घरबदलीत पडतो.

११. पेटी

बेसच्या कडा गडद तपकिरी किंवा काळ्या रंगवा, त्यावर माती-गवताचा डाग नको. वरून ॲक्रिलिकची पेटी. ती बंद करण्याआधी देखावा आठवडाभर उघड्यावर वाळवा, नाहीतर आतून वाफ धरते. एका कोपऱ्यात, ढासळलेल्या चिऱ्यांमागे, सिलिका जेलची पुडी लपवता येते. समोरच्या भिंतीवर ऊन येत असेल तर जागा बदला, सुतळीचा हिरवा रंग उन्हात सगळ्यात आधी उडतो.

पेटी लावायच्या आधी देखावा आडवा धरून हलकेच झटका. जे पडायचं ते आत्ता पडू दे. माझ्याकडे दर वेळी आजोबांची छत्री पडते.